मदत हवी आहे: स्टडी लीव्हचा अर्ज व्यवस्थापन परिषदेपर्यंत पोचतच नाहीये

ओवी_प
नमस्कार मंडळी, मी एका राज्य विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या विभागात सहायक प्राध्यापक आहे, कोणतं विद्यापीठ ते नको सांगायला. नोकरीला सहा वर्षं पूर्ण झालीत. पीएचडीचं फील्डवर्क संपलंय पण लिहायला बसणंच होत नाही, लेक्चर्स, पेपर तपासणी, नॅक मूल्यांकनाच्या फायली यातून डोकं वर काढता येत नाही म्हणून जानेवारीत दोन वर्षांच्या स्टडी लीव्हचा अर्ज दिला, थ्रू प्रॉपर चॅनेल.

आता अडकलंय असं की त्याच सुमारास आमच्या विभागाने एक नवीन एमए सुरू करायचा प्रस्ताव पाठवला आणि त्यात पूर्णवेळ शिक्षक म्हणून चार नावं दिलीत त्यातलं एक माझं आहे. अभ्यासमंडळ झालं, विद्याशाखा झाली, विद्या परिषदेतही मंजूर झाला, आता व्यवस्थापन परिषद राहिलीये. आमचे विभागप्रमुख सर म्हणतात आधी कोर्स होऊ दे मग तुझ्या रजेचं बघू, नाहीतर सभेत कोणी विचारलं शिकवणार कोण तर मी काय सांगू. त्यांचा राग नाही मला, या कोर्ससाठी किती वर्षं झटतायत ते मी जवळून बघितलंय. पण दोन सभा होऊन गेल्या आणि ना कोर्स आला ना रजा. परवा आस्थापना विभागात, म्हणजे नोकरी-रजेच्या फायली बघतात तिथे, जाऊन फाईल बघितली तर माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "पुढील सभेत" एवढंच लिहिलंय, सही नाही, तारीख नाही. बघून रडूच आलं खरं तर.

रजा परिषदेतच न्यावी लागते का, की कुलगुरू देऊ शकतात? आणि कोर्स आणि रजा असं एकमेकांना बांधून ठेवता येतं का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, गाईडनी जुलैपासून पूर्णवेळ बसायला सांगितलंय.

जुना_दप्तरी
मॅडम, मी सभा विभागात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. पेन्सिलीने लिहिलंय म्हणजे तुमचा विषय परिषदेकडे प्रलंबितच नाहीये, तो अजून टेबलावरच आहे. विषयपत्रिकेवर विषय यायचा तर आधी टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी वर जाणारा प्रस्तावाचा कागद, उठावी लागते, आस्थापनाकडून उपकुलसचिव, मग कुलसचिव, मग कुलगुरू, आणि त्यावर शाईची सही. तेव्हा सभेची तारीख विचारत बसू नका, टिपणी कोण करणार ते विचारा.

कोर्सचं म्हणाल तर २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दोन्ही परिषदांची कामं वेगळी आहेत. काय शिकवायचं, क्रेडिट किती, हा विद्या परिषदेचा प्रांत. व्यवस्थापन परिषदेत मुख्यतः पैसा, पदं, जागा बघतात. सरांना जो प्रश्न पडलाय तो तिथे येणारच, पण त्याचं उत्तर तुम्हाला डांबून ठेवणं हे नाही, कामाच्या वाटपाचा कागद हे आहे. तुमचे तास कोण घेणार, किती तास तासिका तत्त्वावर, म्हणजे ताशी मानधनावर बाहेरच्या शिक्षकांना द्यायचे, ते एका पानावर लिहा, सहकाऱ्यांच्या सह्या घ्या आणि तोच कागद दोन्ही प्रस्तावांना जोडा.

रजेसाठी यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, २०१८ चं रेग्युलेशन बघा, राज्याने ८ मार्च २०१९ च्या जीआरने ते लागू केलंय. विभागप्रमुखांची शिफारस आणि कार्यकारी परिषदेची मंजुरी असं त्यात आहे, आपल्याकडे ती म्हणजे व्यवस्थापन परिषद. आधी दोन वर्षं, मग गाईडचा प्रगती अहवाल चांगला असेल तर आणखी एक. सभा लांबली आणि जुलै हातचा जाणार असं दिसलं तर विद्यापीठ कायद्याच्या कलम १२(७) खाली कुलगुरू निर्णय घेऊन नंतर परिषदेला कळवू शकतात, आम्ही त्याला नुसतं बारा-सात म्हणायचो. पण ते तातडीच्या बाबींसाठी आहे, म्हणून गाईडचं तारखेसकट पत्र हवं, नुसत्या विनंतीवर मागू नका.

माळरान
ताई एकच सांगते, लेखी आदेश हातात आल्याशिवाय रिलीव्ह होऊ नकोस. मी "होऊन जाईल, तू जा" या शब्दावर गेले आणि माझे चार महिने बिनपगारी धरले, इन्क्रिमेंट पुढे गेलं ते वेगळंच, अजून त्याचा पत्रव्यवहार चालू आहे. आणि बाँड नीट वाच, परत आल्यावर किमान तीन वर्षं सेवा द्यायची असते, जामीनदार कोण ते आधीच ठरवून ठेव, ऐनवेळी कोणी तयार होत नाही.

ओवी_प
दप्तरी काका आणि माळरानताई, खूप खूप आभार. काल सरांसमोर कामाच्या वाटपाचं पान घेऊन बसले, माझे बारा तास होते त्यातले सात दोघा सहकाऱ्यांनी घेतले आणि पाच तासिका तत्त्वावर. सरांनी चष्मा काढून दोनदा वाचलं आणि म्हणाले हे आधी का नाही आणलंस, आणि शिफारस तिथेच लिहून दिली. आज टिपणी उठली, आवक क्रमांक मिळाला, कोर्सचा विषयही त्याच सभेला जातोय. गाईडचं पत्र पण मागवलंय. आता सभा झाल्यावर आदेशासाठी कार्यवृत्त (सभेचा लेखी वृत्तांत) कायम होईपर्यंत थांबावं लागतं का? म्हणजे पुढची सभा होईस्तोवर?

जुना_दप्तरी
नाही नाही, तेवढं थांबू नका, जुलै निघून जाईल. सभेनंतर दोन-तीन दिवसांनी सभा विभागात ठरावाच्या उताऱ्यासाठी अर्ज द्या, ठराव क्रमांक विचारून घ्या, आणि तो उतारा स्वतः आस्थापनाच्या टेबलावर नेऊन द्या. कुलसचिवांची सही असलेल्या उताऱ्यावर आदेश निघतो.