शरीरसंबंधातील वेदना कमी करणाऱ्या उपकरणाच्या चाचणीत सहभागी व्हावे का?

प्राजक्ता

मला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. शस्त्रक्रियेनंतर पाळीचा त्रास बराच कमी झाला असला, तरी शरीरसंबंधाच्या वेळी ओटीपोटात खोलवर उठणारी कळ अजून थांबलेली नाही. माझ्या डॉक्टरांनी एका उपकरणाच्या चाचणीची माहिती दिली आहे. एकमेकींत अडकणाऱ्या मऊ सिलिकॉनच्या कड्या पुरुषाने लिंगाच्या मुळाशी चढवायच्या, म्हणजे प्रवेश किती खोल व्हावा हे कड्या वाढवून किंवा काढून ठरवता येते. काही जोडप्यांना उपकरण लगेच मिळेल, इतरांना काही आठवड्यांनी, आणि प्रत्येक वेळच्या वेदनेची नोंद ठेवावी लागेल. माझ्या पतींची तयारी आहे. परंतु वेदना ज्याची त्यालाच कळते, मग तिच्यावरून उपकरणाचा गुण कसा ठरवतात? आणि नोंद भरायची आहे एवढ्याच कारणाने नको असताना संबंध ठेवण्याचे दडपण आले, तर काय करावे?

स्त्रीरोगतज्ज्ञ

प्राजक्ताताई, तुमची दुसरी शंका अधिक महत्त्वाची असल्यामुळे आधी तिच्याविषयी लिहिते. माणसांवरील संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून वैद्यकीय संशोधनात रुजलेले तत्त्व असे आहे, की सहभागी व्यक्तीचे हित संशोधनाच्या गरजेपेक्षा वरचे असते. कोणतेही कारण न देता तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारात कसूर होता कामा नये. हे दोन्ही मुद्दे संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेले आहेत का, ते पाहा. नोंदवहीत ‘या आठवड्यात संबंध ठेवला नाही’ आणि ‘वेदनेमुळे मध्येच थांबलो’ असे पर्याय नसतील, तर ते मागून घ्या. कारण मध्येच थांबणे हीसुद्धा अभ्यासाच्या दृष्टीने मोलाची माहिती आहे.

चाचणीपूर्वी वेदनेची जागा नीट तपासून घेणे आवश्यक आहे. अशा कड्यांचा उपयोग खोल प्रवेशामुळे होणाऱ्या वेदनेत होऊ शकतो. योनीच्या तोंडाशी जळजळ होत असेल, रजोनिवृत्तीनंतर किंवा स्तनपानाच्या काळात कोरडेपणा आलेला असेल, किंवा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर खोली कमी करून मूळ त्रास तसाच राहतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये वर्षानुवर्षे दुखत राहिल्यामुळे हे स्नायूही ताठरलेले असू शकतात, आणि त्यावर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची मदत घ्यावी लागते. संबंधानंतर रक्तस्राव झाला, ताप आला किंवा वेगळा स्राव दिसला, तर मात्र पुढच्या नोंदीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

आकडेमोड

मी चाचण्यांच्या आकडेवारीचे काम करतो. वेदना मोजता येते; शून्य ते दहा या मापावर तीच व्यक्ती आधी आणि नंतर काय आकडा देते, याची तुलना केली जाते. त्याचबरोबर प्रश्नावल्याही असतात. 2000 साली प्रसिद्ध झालेली स्त्रियांच्या लैंगिक कार्याची 19 प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. पण तिच्या वेदनेच्या भागात ज्या स्त्रीने गेल्या चार आठवड्यांत संबंधाचा प्रयत्नच केला नाही तिला शून्य गुण मिळतात, म्हणजे प्रत्येक वेळी वेदना झालेल्या स्त्रीपेक्षाही कमी. त्रास टाळण्यासाठी दूर राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा दिशाभूल करतो, म्हणून या नोंदी कशा हाताळणार आहात, असे संशोधकांना अवश्य विचारा.

तुलनेचा गट का लागतो, याचे उत्तम उदाहरण लेसरचे आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या योनीच्या त्रासावर त्याचा मोठा गाजावाजा झाला होता; 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 85 स्त्रियांच्या चाचणीत मात्र खरे लेसर आणि त्याचा नुसता आभास (तसाच वाटणारा, पण प्रत्यक्षात खोटा उपचार) या दोहोंत वर्षभरानंतरही लक्षणांच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. कड्या डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात, त्यामुळे त्यांचा पटण्याजोगा आभास निर्माण करणे जवळपास अशक्य आहे. म्हणून तुमच्या चाचणीत काहींना उशिरा उपकरण देण्याची योजना आहे. तिच्यामुळे काळाबरोबर आपोआप पडणारा फरक वेगळा काढता येतो. ‘आता बरे वाटेल’ या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. निष्कर्ष वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

सहप्रवासी

योनीमार्ग हळूहळू रुंद होण्यासाठी आत ठेवायच्या डायलेटर नावाच्या साधनाच्या एका अभ्यासात मी भाग घेतला होता, त्यावरून दोन गोष्टी सांगते. आम्हा दोघांची नोंद एकाच फोनवर मागितली जात असे आणि ‘जोडीदाराला काय वाटले’ हा प्रश्न माझ्या उत्तराच्या अगदी खाली असे. वेदनेचा आकडा लिहिताना हे ते वाचतील, वाईट वाटून घेतील, असे मनात येई आणि बोट एक घर खाली सरके. मी तक्रार केल्यावर नोंदी वेगळ्या केल्या गेल्या. तुमच्या पतींचे संमतिपत्र आणि नोंदवही सुरुवातीपासूनच स्वतंत्र असू द्या. दुसरे म्हणजे, सिलिकॉनच्या उपकरणाबरोबर सिलिकॉनयुक्त वंगण वापरल्यास त्याचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो, आणि तेलयुक्त वंगणाने लेटेक्सचे निरोध फाटू शकतात. तेव्हा पाण्यावर आधारित वंगण वापरणे योग्य.

प्राजक्ता

सर्वांचे मनापासून आभार. स्नायूंची तपासणी माझ्या बाबतीत कधीच झालेली नाही, ती आधी करून घेते. संशोधकांना पाठवायच्या पत्रात न ठेवलेल्या संबंधांची नोंद, स्वतंत्र नोंदवह्या आणि बाहेर पडण्याची मुभा हे तिन्ही मुद्दे घातले आहेत. त्यांचे लेखी उत्तर हाती आल्यावरच सही करीन.