मदत हवी आहे: 'मोदक' फाँट लेबलवर बुजतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या बचत गटाचा दिवाळी फराळाचा स्टॉल असतो. यंदाचा फलक आणि पाकिटांची लेबलं मी करतेय. त्यासाठी 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा 'मोदक' हा फाँट घेतलाय. गूगल फाँट्सवर मोफत आहे आणि ओपन फाँट लायसन्स असल्यामुळे विक्रीच्या मालावरही चालतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, देवनागरीत इतकं गुबगुबीत अक्षर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. अक्षराच्या पोटात एरवी जी मोकळी जागा असते, तिची इथे नुसती चीर उरते आणि आपण वाचतो ते त्या चिरेवरूनच. वर शिरोरेषा आणि वेलांट्या, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं, हे सगळं सांभाळून अक्षर एवढं फुगवायचं म्हणजे करणाऱ्यांची कमाल आहे. फलकावर 'खमंग चकली' लावून पाहिलं तर रस्त्यापलीकडून वाचता येतं. त्यामुळे फाँट हाच हवा.

अडचण लेबलाची आहे. तीन इंचांचं स्टिकर, त्यावर 'शुद्ध तुपातले अनारसे'. 'अनारसे' छान दिसतं, पण 'द्ध'चा पार गोळा होतो. 'द' आणि 'ध' दोघांची पोकळी एकाच अक्षरात मावायची, तिथे चीरच बुजते. पांढरी कडा दिली तर आणखी बिघडतं. शिवाय प्रेसमध्ये कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन आहे, त्यात जोडाक्षरं फुटतात. काय करू?

प्रतिसाद:

ताई, 'मोदक' फक्त पदार्थाच्या नावाला ठेवा. 'शुद्ध तुपातले' ही ओळ 'बालू २' या फाँटमध्ये घ्या. तोही एक टाइपचाच, गोलसर वळणाचा, त्यामुळे शेजारी परका वाटत नाही. जाडीही ४०० (साधी) ते ८०० (खूप ठळक) मध्ये हवी तेवढी मिळते. घटक पदार्थ, वजन, तारीख यांना 'मुक्ता'.

कडा अक्षराच्या रेघेवर बसते, म्हणजे तिची निम्मी जाडी आत येते आणि तुमची चीर खाते. लेबलावर कडा देऊच नका. बोल्डचं बटण अजिबात दाबू नका. 'मोदक'ला एकच जाडी आहे, सॉफ्टवेअर उगाच अक्षर फुगवतं. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

रंग उलटे करून बघा. गडद शाई कागदावर पसरते आणि चीर भरून टाकते. त्याऐवजी गडद मरून पट्टीत अक्षर कोरं सोडलं, तर चीरच शाईची होते. शाई पसरली तरी ती थोडी ठसठशीत होईल, बुजणार नाही.

प्रेसला टाइप केलेला मजकूर देऊच नका. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट येतात. तिथे मांडणी करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, आणि पीडीएफ पाठवा.

धागाकर्ती:

मरून पट्टीवर घरच्या प्रिंटरने काढून पाहिलं, 'अनारसे' आणि 'चिरोटे' दोन्ही झकास! आता एकच प्रश्न. पाऊच तपकिरी क्राफ्ट कागदाचे आहेत. स्टिकर न लावता थेट त्यांच्यावरच स्क्रीन प्रिंटिंग करून घेतलं, तर एवढी बारीक चीर टिकेल का? कोणी केलंय का असं?