सत्यनारायणाला कोण बसणार?

सेक्रेटरी: वर्धापनदिनाची पूजा येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, पार्किंगमध्ये. चिठ्ठ्या टाकल्या, पूजेला बसायचा मान सी-३०४ यांचा निघाला आहे. अभिनंदन!

सी-३०४: आभार. पण आम्ही दोघं देव मानत नाही. हातात पाणी घेऊन संकल्प सोडायचा आणि मनात काहीच नाही, हे बरोबर वाटत नाही. मान दुसऱ्या जोडप्याला द्या. वर्गणी दिली आहेच, पंगतीत वाढायलाही येतो.

ए-१०१ काका: देवाचा मान नाकारू नये. आणि स्पष्टच विचारतो, देवच नाही म्हटलं की माणसाला धरबंध कसला? पाप नाही, पुण्य नाही, मग खोटं बोलायला, दुसऱ्याला लुबाडायला अडवतं कोण?

सी-३०४: काका, मार बसेल म्हणून चोरी न करणाऱ्याला प्रामाणिक म्हणायचं का? तुमच्या कथेतही तेच. कलावती प्रसाद न घेता धावली तर नवऱ्याची नौका बुडाली. भीती घालायची आणि भक्ती करून घ्यायची. असल्या भाकडकथा ऐकत मेंढरांसारखी मान डोलवणं मला जमणार नाही.

बी-२०२ काकू: मेंढरं कोणाला म्हणालात?

ए-१०१ काका: (हा मेसेज हटवला आहे)

ई-५०३: काका, हटवलात ते बरं केलंत, पण मी वाचला होता. मी रोज ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर फिरायला जातो. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथेच गोळ्या घातल्या. याच पुण्यात आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती. शब्द असे चढायला लागले की मला खरंच धडकी भरते.

डी-४०१ आजी: मला टाइप करायला वेळ लागतो. मध्ये कोणी लिहू नका.

डी-४०१ आजी: माझं माहेर वर्ध्याचं, सेवाग्राम आम्हाला हाकेच्या अंतरावर. तिथली गोष्ट सांगते. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, सगळे त्यांना गोरा म्हणत. पक्के नास्तिक, नास्तिकतेचा उघड प्रचार करायचे, आणि अस्पृश्यता मोडायला खेड्यात जाऊन राहिले होते. १९४४ मध्ये ते गांधीजींना भेटायला आश्रमात आले. रोज दोनदा प्रार्थना होणारी ती जागा. पण तुम्हाला धरबंध कसला, असं गांधीजींनी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मला म्हणता येत नाही, आपण दोघंही सत्यच शोधतो आहोत.

पुढे गोरांनी थोरल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरवलं. गांधीजी म्हणाले, सेवाग्रामला लावू. अडचण एकच, विधीत देवाचं नाव होतं. तिथे देवाऐवजी सत्य म्हणायला गांधीजी तयार झाले. लग्न मार्च १९४८ मध्ये लागलं. तोवर गांधीजी गेलेले. पण आश्रमाने त्यांचा शब्द पाळला. सत्याच्या नावाने लग्न लागलं.

मी एकादशी करते, पोथी वाचते. सी-३०४ ने नाही म्हटल्याने माझ्या विठ्ठलाला काही होत नाही. पण आपल्या पूजेच्या देवाचं नाव काय? सत्यनारायण. त्याच्यापुढे बसून त्या पोराला खोटा संकल्प सोडायला लावायचा? तो खरं बोलला, एवढं तरी आपण बघायला हवं होतं.

भाऊ, मागच्या पावसाळ्यात लाइट गेली, लिफ्ट बंद, तुमची शुगर उतरलेली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तुम्हाला जिन्याने खाली कोणी आणलं? त्याच्या मनगटाला खुर्चीची कड लागून रक्त येत होतं, ते मी पाहिलं. तेव्हा त्याला कुठलं पुण्य हवं होतं?

आणि बाळा, तुझी मुलगी झाली तेव्हा सव्वा महिना तिला तेल लावून अंघोळ कोण घालत होतं? बी-२०२. पहाटे पोथी वाचून उठायची ती थेट तुमच्याकडे यायची. तिच्या लेखी पोथी आणि तुझ्या लेकीचं तेल ही वेगळी कामं नाहीत. तिला तू मेंढरू म्हणालास. मला फार लागलं ते.

सी-३०४: आजी, चुकलो. काकू, घरी येऊन माफी मागतो. कथेबद्दलचं मत मात्र तेच आहे.

बी-२०२ काकू: मत असू दे. याल तेव्हा मुलीलाही आणा.

ए-१०१ काका: खुर्चीचं मी विसरलेलो नाही. लुबाडण्याचं बोललो ते मागे घेतो, हटवलेलं तर नक्कीच. पण प्रश्न माझ्या मनात आहेच. आईने मला देवाच्या धाकानेच वळण लावलं. तो धाक नसेल तर पोरांना वळण कसं लावतात, हे मला खरंच समजत नाही. टोमणा नाही हा.

सी-३०४: काका, परवा वाण्याने लेकीला दहा रुपये जास्त परत दिले. तिला घेऊन परत द्यायला गेलो. का द्यायचे म्हणाली. म्हटलं, रात्री हिशोब लागला नाही तर ते काका बिचारे पुन्हापुन्हा मोजत बसतील. तिला पटलं. दर वेळी पटेल असं नाही, मलाही काळजी असते. उद्या चहाला येता का? बोलू.

ए-१०१ काका: येतो. बिनसाखरेचा.

एफ-१०२: मुळात सोसायटीच्या पैशातून पूजा असावी का, हा माझा मुद्दा राहिलाच.

सेक्रेटरी: लेखी द्या, वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतो. आता पूजेला कोण बसणार ते सांगा, गुरुजींना कळवायचं आहे.

बी-२०२ काकू: आम्ही बसतो. प्रसादाला पाच किलो रवा लागेल, सव्वाच्या चौपट. एवढा रवा भाजायला दणकट हात हवेत. सी-३०४, सात वाजता याल?

सी-३०४: येतो. केळीचे खांबही मंडईतून मीच आणतो, दोन का चार?

बी-२०२ काकू: चार. पानं फाटलेली आणू नका.