फेल्टच्या तोरणातील पाने ताठ कशी राहतील? मदत हवी आहे

नमस्कार. यंदा दिवाळीला आईच्या दारासाठी मी फेल्टचे (तंतू दाबून बनवलेल्या, न विणलेल्या कापडाचे) तोरण करत आहे. ४ सेंटिमीटर रुंदीची पट्टी लांबीत दुमडून, घडीच्या बाजूने बारीक चिरा देऊन गुंडाळली की झेंडूचे फूल अगदी भरगच्च होते. अडचण आंब्याच्या पानांची आहे: १ मिलिमीटर जाडीची पाने टांगताच टोकाशी मुडपतात आणि दोन थर ग्लूगनने चिकटवले, तर गोंद कापडातून वर येऊन चकाकणारे डाग पडतात, जे हिरव्या रंगावर फार खुपतात. फेल्ट पॉलिएस्टरचे असल्याने कडक इस्त्रीही करता येत नाही. दोन थरांमध्ये शिंपी वापरतात ते बकरम (ताठ अस्तराचे कापड) घालून कडेने काजाचा टाका घालावा, की मधल्या शिरेत बारीक तार ओवावी? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.