स्कूलबसमधली दादागिरी: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-५०४: नमस्कार. आमचा सहावीतला हल्ली बसची वेळ झाली की पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही नाही. शुक्रवारी रात्री बोलला. मागच्या सीटवरची आठवीतली मुलं डबा काढून घेतात, कँटीनचे पैसे मागतात. चष्म्यावरून त्याला एक नाव पाडलंय, ते आता वर्गातही पोचलंय. शाळेत नेमकं कुणाशी बोलायचं, कुणाला अनुभव असेल तर सांगा. मुलांची नावं मी इथे लिहिणार नाही.

ए-२०३ काका: वहिनी, त्याला दोन ठेवून द्यायला शिकवा. एकदाच. परत कुणी वाट्याला जाणार नाही.

सी-१०१: काका, सहावीतला पोरगा आठवीतल्या तिघांना कसा ठेवून देणार? आणि दिलीच, तर बसच्या सीसीटीव्हीत तोच मारताना दिसेल.

ए-७०२: टाकीची सफाई उद्या आहे की परवा?

सेक्रेटरी: परवा. १० ते २ पाणी बंद. आधीचा विषय चालू द्या.

बी-३०२: त्या बसमध्ये आमचाही मुलगा असतो. मुलं एकमेकांची थट्टा करतातच हो. लगेच बुलिंग-बिलिंग म्हणायचं का?

सी-४०४ (बाई): मी शाळेतून निवृत्त झाले तरी हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. थट्टा की छळ हे ओळखायला मी एकच बघायचे, पाळी उलटते का. आज यानं त्याला चिडवलं, उद्या त्यानं याला, तर ती मस्करी. रोज एकाचाच डबा जातो, तो एकटा आणि हे तिघे मोठे, तर त्याला मस्करी म्हणू नये.

५०४, तो बोलला हे फार मोठं काम झालंय. आता ‘तू काय केलं होतंस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे दोन प्रश्न गिळून टाक. त्यापेक्षा विचार, की मी शाळेत गेले तर तुला कशाची भीती वाटते? बहुतेक मुलं म्हणतात, ‘अजून जास्त त्रास देतील.’ ही भीती खरी असते, तिचा बंदोबस्त शाळेकडूनच मागायचा. त्याला न सांगता मात्र शाळेत जाऊ नकोस. परस्पर गेलीस तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही.

बी-५०४: बाई, उद्या बस येते तिथे जाऊन त्या मुलांना मीच विचारू का?

सी-४०४ (बाई): मुळीच नको. दुसऱ्याच्या मुलाला रस्त्यात दरडावलंस की त्याचे आईवडील भांडायला येतात आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. आधी लिहून काढ. तारीख, कुठे, काय झालं, कोण बघत होतं. ‘नेहमी त्रास देतात’ असं लिहू नकोस, ‘सोमवारी परतताना डबा खिडकीबाहेर टाकला’ असं लिही. पत्र वर्गशिक्षिकेला, प्रत मुख्याध्यापकांना. कागद दिलास तर पोच घे, ईमेल केलास तर उत्तम. शेवटी विचार, की काय करणार आणि कधीपर्यंत कळवणार. ‘त्यांना शिक्षा करा’ यावर अडून बसू नकोस. सीट बदला, बसमधल्या मदतनीस मावशींना मागे बसवा, मधल्या सुट्टीत कुणीतरी लक्ष ठेवा, हे मागितलंस तर उद्यापासून फरक पडतो.

आणि एक. काही शाळा दोघांना ऑफिसात समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ म्हणतात. त्याला नाही म्हण. दोघांचं ऐकायचं ते वेगवेगळं. हात मिळवून झाला की दुपारी त्याच बसमध्ये बसायचंय, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही.

डी-६०१ (वकील): बाईंचं बरोबर आहे, लेखीच द्या. तुमची शाळा सीबीएसईची आहे ना? बोर्डानं २०१५ मध्येच परिपत्रक काढून शाळांना बुलिंगविरोधी समिती नेमायला सांगितलंय, त्यात पालकांचाही प्रतिनिधी असतो. समितीत कोण आहे ते पत्रात विचारा. समुपदेशक नेमणं हेही संलग्नतेच्या नियमांत आहे.

‘बसमधलं आम्ही बघत नाही, ठेकेदाराला विचारा’ असं उत्तर आलं तर ऐकून घेऊ नका. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच. बसमध्ये मदतनीस असणंही बंधनकारक आहे. मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून फोन बघत असतील तर ती तक्रारसुद्धा याच पत्रात घाला. बसमध्ये कॅमेरा असेल तर त्या तारखांचं फुटेज जपून ठेवा असं आजच कळवा, जुनं आपोआप पुसलं जातं.

ए-२०३ काका: सरळ पोलिसांत का नाही जायचं?

डी-६०१ (वकील): काका, गंभीर इजा झाली, लैंगिक प्रकार असला, तर जायचंच, तेव्हा शाळेची वाट बघायची नाही. पण एरवी कायदा मुलांसाठी वेगळा आहे. ७ वर्षांखालच्याचं कृत्य गुन्हाच धरत नाहीत, ७ ते १२ मध्ये त्याची समज बघतात आणि १८ खालच्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. डबा हिसकावल्याबद्दल एफआयआर होणार नाही. शाळा ढिम्म राहिली तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अर्ज करता येतो.

सी-१०१: वर्गाच्या ग्रुपवर त्याचे स्टिकर फिरत असतील तर लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या मुलीच्या वेळी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ झालं आणि आमच्या हातात काहीच उरलं नाही.

ए-१०४ (डॉक्टर): पोटदुखी खोटी समजू नका, ताणानं खरंच दुखतं. झोप, भूक, गृहपाठ यांवर लक्ष ठेवा. ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलला तर त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. १०९८ ही मुलांसाठीची चाइल्डलाइन, मुलगा स्वतःही लावू शकतो. दोन्ही मोफत, चोवीस तास.

बी-३०२: बाई, एक विचारतो. समजा आपलाच मुलगा त्या मागच्या सीटवर असेल, तर?

सी-४०४ (बाई): विचारलंत हे बरं केलंत. मारू नका आणि पाठीशीही घालू नका. डबा तू घेतलास का, की दुसऱ्यानं घेतला आणि तू हसलास, एवढं शांतपणे विचारा. हसणाऱ्यांच्या जोरावरच हे चालतं. माझ्या अनुभवात हसणारी दोन पोरं गप्प झाली की पुढारी आपोआप थंडावतो. त्याचं स्वतःचं कुठे काही बिनसलंय का, तेही बघा. घेतलेले पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून परत करू द्यात.

सेक्रेटरी: बसच्या वेळी गेटपाशी रोज एक मोठं माणूस उभं राहू शकेल का? सोमवारी मी आहे.

ए-२०३ काका: मंगळवार-बुधवार मी. कुणाला काही ठेवून देणार नाही, काळजी नसावी.

बी-५०४: सगळ्यांचे आभार. त्याला विचारलं. पत्र दे म्हणाला, पण बस आठवडाभर नको. तोवर बाबा सोडतील. बाई, मसुदा तुम्हाला पाठवू का?

सी-४०४ (बाई): पाठव. एका पानात बसव, लांब पत्र कुणी वाचत नाही.

बी-३०२: ५०४ ताई, मुलाशी बोललो. बाकीचं इथे नको. जेवणं झाल्यावर मी आणि ही तुमच्याकडे येऊ का?

बी-५०४: या. नऊनंतर.