पुरातत्त्व करायचंय तर आधी बी.एस्सी. करा, इतिहासाची बी.ए. नको – माझं मत, तुमचं सांगा

प्रवराकाठ
भाचीची यंदा बारावी, सायन्सला आहे, आणि तिने घरात सांगून टाकलंय की मला आर्किऑलॉजी करायचीय. ती संगमनेरची, जोर्वे तिथून अगदी जवळ. दहावीच्या सुट्टीत मीच तिला तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर नेलं होतं, लाल खापरं त्यावर काळ्या रेघा, ह्या खापरांवरून एका अख्ख्या संस्कृतीला ह्या गावाचं नाव पडलंय हे सांगितलं आणि तेव्हापासून पोरगी दुसरं काही बोलत नाही. घरचे म्हणतात मग सायन्स सोड, बी.ए. इतिहास घे, पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात एम.ए. कर. मी म्हणतो अजिबात नको. एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तर जिऑलॉजी किंवा बॉटनीत बी.एस्सी. करून जा.

मी स्वतः बी.ए. इतिहास करून गेलो. उत्खननाच्या पहिल्याच सीझनला ट्रेंचमध्ये उतरलो, सर म्हणाले सेक्शनमधले, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीतले, थर दाखव, मला समोर नुसती माती दिसत होती. शेजारचा मुलगा जिऑलॉजीचा, त्याने करणीने ओरखडे काढत पुराचा गाळ कुठला, राखेचा थर कुठला, नंतर खणलेला खड्डा कुठला सगळं दाखवलं. ते शिकायला मला तीन सीझन लागले.

आणि इनामगावचंच बघा, जोर्वे संस्कृतीचंच गाव, पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी १९६८ पासून बारा सीझन खणलं. साधारण इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी होत गेला, चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, लोक शेतीवरून गुराढोरांकडे वळले असं तिथे खणणाऱ्या ढवळीकरांनी मांडलं. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं, जळके दाणे, हाडं आणि माती ह्यांच्यावरून निघालं. म्हणून म्हणतो, पाया विज्ञानाचा हवा.

ब्राह्मीवेडी
पूर्ण असहमत. ज्या डेक्कन कॉलेजचं नाव घेताय तिथला विभाग ज्यांनी उभा केला त्या सांकलियांची बी.ए. कशातली होती? संस्कृतमधली. एम.ए.ला नालंदा विद्यापीठावर प्रबंध, मग लंडनला पीएच.डी., इंग्लंडमध्येच ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ व्हीलरबरोबर मेडन कासलच्या उत्खननात प्रत्यक्ष खणायला शिकले. भाषेतून आलेला माणूस प्रागितिहासात एवढं काम करून गेला आणि आपण आज मुलांना सांगायचं की बी.ए. नको?

आणि महाराष्ट्रात काय फक्त ताम्रपाषाणयुग, म्हणजे तुमचा जोर्वे-इनामगावचा काळ, आहे का? नाणेघाटात जाऊन उभे राहा, सातवाहन राणी नागनिकेचा लेख समोर आहे, कुठले यज्ञ केले, किती गायी दिल्या, आकड्यांसकट. कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी सगळीकडे दान देणाऱ्यांची नावं, गावं, धंदे कोरलेत. ते प्राकृत कोण वाचणार, बॉटनीवाला? माझ्या एम.ए.च्या बॅचला वीसेक जण होतो, लेख मुळातून वाचू शकणारे दोन. उरलेले पुस्तकातलं भाषांतर पाठ करायचे, मला ते बघून खरंच वाईट वाटायचं.

ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संस्था आहे, दोन वर्षांचा डिप्लोमा, जागा फक्त १५. त्यांच्या पात्रतेत पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहासाच्या जोडीला संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसी ह्यांची एम.ए. पण धरतात.

प्रवराकाठ
@ब्राह्मीवेडी त्याच यादीत जिऑलॉजीपण आहे ताई. आणि सांकलियांचंच उदाहरण पुढे न्या, त्यांनी नंतर काय केलं, तर हाडं, माती, बिया तपासणारी माणसं आणि प्रयोगशाळा ह्या विषयात आणल्या. आपल्या संस्कृतवर ते थांबले नाहीत.

ब्राह्मीवेडी
पण सोडलंही नाही ना. मी तेच म्हणतेय.

सोडून दिलेला
तुम्ही दोघं पदवी कुठली ह्यावर भांडताय, मला विचाराल तर आधी नोकरीचं बोला. मी एम.ए. केलं, नेट काढली, सहा वर्षं काँट्रॅक्टवर फिरलो. सीझन डिसेंबर ते मे, पावसाळ्यात काम नाही म्हणजे पगार नाही. एका ठिकाणी चार महिन्यांचं मानधन दीड वर्षाने मिळालं, तेही फोन करून करून. सर्वेक्षणाच्या जागा निघाल्या की एका जागेमागे एवढे अर्ज असतात, राज्याच्या संचालनालयाच्या जाहिरातीची वाट बघण्यात वय निघून जातं, प्राध्यापकी करावी तर तासिका तत्त्वावर. आता जीआयएस कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर नकाशे करतो, बरं चाललंय.

इंग्लंडमध्ये १९९० पासून नियम आला की बांधकाम करणाऱ्याने आधी जमिनीखाली काय आहे ते बघायचं, खणावं लागलं तर खर्च त्याने द्यायचा, त्यामुळे तिथे उत्खननाच्या खासगी कंपन्याच उभ्या राहिल्या. आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊन बांधकाम, एवढंच. पण ज्या पांढरी संरक्षित नाहीत त्यांचं काय? शेतकरी ती माती ट्रॉलीने शेतात नेऊन टाकतो, गावाबाहेर रस्ता रुंद होतो, टेकाड संपतं आणि कोणी बघायलाही जात नाही. काम ढीगभर आहे हो, पण ते करायला पैसे देणारं कोणी नाही. मुलीला हे सगळं आधी सांगा.

खापरवाली
@सोडून दिलेला तुमचं दुःख खरं आहे पण एक चित्र अर्धवट राहतंय. तामिळनाडूत बघा, किळडी गावातलं उत्खननाचं काम केंद्राने २०१४-१५ ला सुरू केलं आणि २०१८ पासून राज्याच्या खात्याने हातात घेतलं, तेव्हापासून वर्षामागून वर्षं खणतायत, तिथेच म्युझियम उभं राहिलंय. सरकारने मनावर घेतलं तर काम निघतं. आपल्याकडे तेर आहे, पैठण आहे, भोकरदन आहे, आपण का मागत नाही? २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांची देखभाल, नोंदी, माहिती केंद्रं ह्याला माणसं लागणार की नाही?

मुलगी म्हणून एक सांगते कारण ते कोणी लिहिलं नाही. कॅम्प तंबूत असतो, कधी झेडपीच्या शाळेत. जाण्याआधी मुलींची राहायची सोय काय, बाथरूम कुठे, सोबत किती मुली, प्रमुख कोण हे स्पष्ट विचारायचं आणि नीट उत्तर नाही मिळालं तर त्या सीझनला जायचं नाही. मी पहिल्या वर्षी लाजले, विचारलं नाही, पूर्ण महिना त्रास काढला. नंतर विचारायला लागले आणि पाच सीझन छान गेले.

कातळसडा
रत्नागिरीकडून लिहितोय. इथे कातळशिल्पं, म्हणजे उघड्या खडकाच्या सड्यांवर कोरलेली चित्रं, शोधली ती रिसबूड, मराठे आणि त्यांच्या सोबतच्यांनी, सड्यांवर पायपीट करून, गुराख्यांना विचारून विचारून. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत लागली. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, ज्याच्या अंगात मासे आणि बाकीचे प्राणी कोरलेत, गावातल्या माणसाने दाखवला नसता तर गवतात आणि मातीत राहिला असता. बी.ए. की बी.एस्सी. हे दुय्यम आहे, लोकांशी बोलता येतं का आणि उन्हात चालता येतं का हे बघा.

प्रवराकाठ
@कातळसडा शोधण्यापुरतं शंभर टक्के मान्य. पण त्या शिल्पांचं वय कसं सांगायचं? उघडा जांभा, वर थर नाही, राख नाही, लेख नाही. तिथे जिऑलॉजीशिवाय पुढे जाताच येत नाही.

कातळसडा
हो, तिथेच अडलंय. म्हणून तर म्हणतो असली मुलं आमच्याकडे पाठवा.

ब्राह्मीवेडी
@प्रवराकाठ एक विचारू का, मुलीला स्वतःला काय आवडतं? आपण सगळे आपापलं सांगतोय.

प्रवराकाठ
बरोबर विचारलंत. काल फोन केला. म्हणाली मामा मला खापरांची चित्रं काढायला आवडतं, काठाचा तुकडा घेऊन अख्खं भांडं केवढं असेल ते काढते. वहीचे फोटो पाठवले, तोटीचं भांडं जवळजवळ बरोबर काढलंय, मी दुसऱ्या वर्षाला असताना एवढं नीट काढत नव्हतो. पण कुठलाच तुकडा कुठे दिसला हे लिहिलेलं नाही, त्यावरून मी जरा रागावलो.

बी.एस्सी.चं माझं मत कायम आहे. फक्त आता तिला ब्राह्मीचा, म्हणजे ह्या जुन्या लेखांच्या लिपीचा, वर्गही लावायला सांगणार, पुण्यात असतात सुट्टीतले. आणि @सोडून दिलेला, तुमची पोस्ट तिला जशीच्या तशी वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या काकांना जीआयएस कुठे शिकता आलं? काय सांगू?

सोडून दिलेला
क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. जोर्व्याचा टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, घेऊन बसू दे तिला, कुठे अडली तर मला मेसेज करा, रविवारी मोकळा असतो.