मावा दिसला की लगेच फवारणी कशासाठी?

बागवेडी: "बागेत एकही किडा दिसता कामा नये, दर आठवड्याला कीटकनाशक मारा" हा सल्ला वाचून राहवलं नाही. मावा म्हणजे कोवळ्या फुटीचा रस शोषणारी बारीक कीड. तो सोडतो तो गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात. त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्यांची वाट अडवा, अर्धं काम झालं. फवाऱ्याने मावा मरतो तसे त्याला खाणारेही मरतात, आणि आधी परततो तो मावाच. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते!

कुंडीवाला: सल्ला माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे. ढालकिड्यांची वाट बघत बसलो आणि गुलाबाची सगळी कोवळी फूट आखडली. ते नुकसान कोण भरून देणार?

मातीमित्र: नत्र (नायट्रोजनचं खत) किती घालता ते सांगा आधी. लुसलुशीत फुटीवर मावा येणारच. आणि कडेने झेंडू लावा.

बागवेडी: पुन्हा झेंडू! प्रत्येक चर्चेत हेच. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म जंतांना मारतं, माव्याशी त्याचा काय संबंध? तेसुद्धा कडेला दोन रोपं लावून होत नाही. अख्ख्या वाफ्यात दाट लावून दोनेक महिने ठेवावा लागतो, मग पुढचं पीक.

मातीमित्र: माझ्या टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी झेंडूनंतर कमी झाल्या. डोळ्यांनी पाहिलंय, मला शिकवू नका.

बागवेडी: अहो, गाठी सूत्रकृमींच्याच! तेच तर सांगतेय.

कुंडीवाला: झेंडूवर लाल कोळी येतो, त्याचं काय? माझ्याकडे तिथूनच वांग्यावर गेला. फवारूनही हटला नाही, उलट वाढला.

बागवेडी: कारण लाल कोळी म्हणजे कीटक नव्हेच, तो कोळ्यांच्या कुळातला. कित्येक कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, त्याला खाणारे कोळी मात्र मरतात. तुमच्या फवाऱ्यानेच तो पोसला.

मातीमित्र: हे मात्र खरं आहे. झेंडूचं बोलणं मी सोडलेलं नाही.

कुंडीवाला: बरं, वांग्यावरचा फवारा थांबवतो. गुलाबाचं मी माझं बघेन. पण त्यावर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरतायत, त्या तरी मारू ना?

बागवेडी: हात लावू नका! ती ढालकिड्याचीच पिल्लं, दिवसभर मावा खातात.